बॅटरीला विचारणारे जनूकाका

कुठलीही बॅटरी ‘मेली’ म्हटलेलं जनूकाकांना चालत नसे. “मेली नका बोलू मास्तर, दमली बोला,” असं ते मला भर रस्त्यातही दटावत. करावे गावात त्यांच्या इमारतीत मी भाड्याने राहत होतो. काकांनी आयुष्यभर खाडीत होडी चालवली आणि होडीवरच्या दिव्यांच्या बॅटऱ्या सांभाळल्या. मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा, त्यामुळे शहाणपण माझ्याकडे जरा जास्तच होतं.

काकूंच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. लाईट गेली की मशीन बंद पडे. मग काकू घाबरून काकांचा हात घट्ट धरून बसत. काकांनी ओळखीतून इन्व्हर्टर आणि दोन जुन्या बॅटऱ्या मिळवल्या. त्या किती वेळ टिकतील, एवढंच मला तपासायचं होतं. मी मोठ्या ऐटीत घरीच सर्किट जुळवलं. बॅटरीवर गाडीच्या हेडलाइटचे सहा बल्ब पेटते ठेवायचे, मीटरवर व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली उतरलं की रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, बल्ब तोडणार.

पहिली बॅटरी दहा मिनिटांत बाद झाली. दुसरीही तशीच. “भंगारात द्या,” मी निकाल देऊन टाकला.

काकांनी बल्ब पुन्हा लावायला सांगितले आणि जमिनीवर मांडी घालून वायरीवरून बोटं फिरवत बसले.

“ही तापली का?”

“बारीक आहे, तापणारच.”

“नि तुमचा मीटर कुठं जोडलाय?”

“बल्बांपाशी.”

“मंग जवाब वायरीनं दिला. बॅटरीला इचारलं कोनी?”

माझे कान गरम झाले. वर्गात दर वर्षी हेच तर शिकवतो मी! ती लांबलचक बारीक वायर वाटेतच दीड-दोन व्होल्ट खात होती आणि मी दोष बॅटरीवर ढकलून मोकळा झालो होतो. मग मीटरच्या तारा थेट बॅटरीच्या टोकांना जोडल्या, बल्बांना जाड वायर दिली. सकाळी लावलेले बल्ब जेवणं उरकली तरी पेटतेच होते.

मला वाटलं, झालं काम. काकांचं समाधान होईना. “बल्बाला दम लागत नाय मास्तर,” ते म्हणाले. इन्व्हर्टर जोडून झाल्यावर त्यांनी काकूंना आधी नीट सांगितलं, आणि भर दुपारी घराचा मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडला. मशीन चालूच राहिलं. काकूंनी वर थांबलेल्या पंख्याकडे बघितलं.

“मशीन चाललीय,” त्या म्हणाल्या. “आता पंखा कोन लावील?”

काका इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. माझीही तीच गत.

वर्षभराने काकू गेल्या. आजारच तसा होता, कुणाचा इलाज चालला नाही. दिवसकार्य झाल्यावर काका दोन्ही बॅटऱ्या हातगाडीवर घालून माझ्याकडे आले. “तुमच्या कालेजात लावा,” म्हणाले.

“काका, एवढं करून आपल्या हातात काही आलं नाही,” मी म्हणालो. मला खरंच फार वाईट वाटत होतं.

त्यांनी मान हलवली. “वर्सभरात लाईट किती वेला गेली मास्तर. ती एकदा पन घाबरली नाय.”