दुतोंड्या मारुतीचं माप

समुद्राबद्दलचं माझं मत समुद्र बघण्याआधीच पक्कं झालं होतं. ज्यांना डोंगर चढता येत नाही ते समुद्र बघायला जातात. तीस वर्षं मी नाशिकच्या आसपासचे किल्ले पालथे घातले. किनाऱ्यावरून चालण्याला कुणी ट्रेक म्हटलं की मला हसूच यायचं. पण सातपूरच्या आमच्या कारखान्यातल्या लोकांनी कोकणात सहकुटुंब सहल काढली आणि बायको म्हणाली, "मला एकदा समुद्र जवळून बघायचाय." किल्ल्यांवर मी तिला कधी नेलं नव्हतं. पहाटे उठून माझ्या दशम्या बांधून द्यायच्या, एवढाच तिचा त्या किल्ल्यांशी संबंध. सहलीतली किनाऱ्यावरची वाट तिला झेपेल म्हणून मी निघालो, तेही उपकार केल्यासारखा.

वाट कड्याच्या कडेकडेने होती. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा आणि दर शंभर पावलांवर बाकडं. पोटातलं पाणी हलू नये अशी सगळी सोय. आमच्या मंडळींना तीही वाट अवघड वाटत होती. स्टोअरमधला एकजण गाण्यांचा स्पीकर खांद्यावर घेऊन आला होता, जसा काही समुद्राला आवाजच नव्हता. दुसऱ्याने सहलीसाठी पांढरेशुभ्र बूट घेतले होते आणि तो शेण चुकवल्यासारखा चालत होता. प्रत्येक वळणावर सगळे समुद्राकडे पाठ करून फोटो काढत. समुद्राकडे बघत होती फक्त माझी बायको, आणि तीही दर दहा पावलांनी थांबून. मला त्याचीही चीड येत होती.

वाट संपते तिथून पायऱ्या खाली उतरतात. खाली काळ्या खडकांचा पसारा आणि त्यापलीकडे, हाकेच्या अंतरावर, पडक्या बुरुजाचं एक बेट. ओहोटी होती, खडकांवरून चालत जाता येत होतं. मंडळी वर भेळ कालवत बसली. बायको म्हणाली, "तिथवर जाऊ या ना." मला बरं वाटलं. अखेर खरा खडक पायाखाली येणार होता.

खडकांवर एक म्हातारी कोयत्याच्या टोकाने चिकटलेले कालवांचे शिंपले काढत होती. आम्हाला बघून तिने विचारलं, "आज पुनव ना वो?"

"हो, पौर्णिमाच," बायको म्हणाली. "उपास आहे माझा."

"मग जाव नको. पाणी फिरलाय. पुनवेची भरती लय मोठी."

मी हसलो. "मावशी, आम्ही नाशिकचे. गोदेचे पूर बघितलेत आम्ही."

ते खोटं नव्हतं. गोदावरीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची पाण्याची पट्टी. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, यावरून अख्खं नाशिक पूर मोजतं. मीही मधल्या वाटेवरचा एक पुरुषभर उंचीचा खडक निवडला आणि बायकोला ऐटीत सांगितलं, "हा आपला मारुती. पाणी आत्ता पायालासुद्धा नाही. आभाळ कोरडं आहे, पाऊस नाही, धरणातून सोडलेलं नाही. पाणी वाढणार कुठून? गुडघ्याला लागलं की निघू." बायकोने एकदा म्हातारीकडे पाहिलं आणि माझ्यामागून आली.

बुरुजावर ती पाय सोडून बसली. मी तिला कातळ कसा तयार होतो ते सांगत होतो. ती ऐकत नव्हती. लाट यायची, फुटायची आणि तिचा चेहरा दर वेळी नव्याने उजळायचा. इतकं खूश मी तिला किती वर्षांत पाहिलं नव्हतं हे आठवायला लागलो आणि आठवेना. तेवढ्यात तिने मागे वळून पाहिलं.

"अहो, मारुती कुठंय?"

मारुती नव्हता. त्याच्या जागी नुसता पांढरा फेस होता.

आम्ही धावत खाली आलो. वाटेच्या सुरुवातीलाच कमरेएवढं पाणी होतं आणि ते आत ओढत होतं. आणि माझे पाय हलेनात. एरवी कड्यांवर बोटांनी लोंबकळणारा मी तिथेच उभा राहिलो. मला पोहता येत नाही. तीस वर्षांत हे कुणाला सांगायची वेळ आली नव्हती, कारण किल्ल्यावर कुणी ते विचारत नाही.

बायकोने साडीचा काचा मारला आणि माझं मनगट धरलं. ती नामपूरकडची. एरवी माझ्याशी आमच्यासारखंच बोलते, पण त्या क्षणी तिच्या तोंडून माहेरची अहिराणी आली. "पानी वाढी ऱ्हायनं, चला!"

मधोमध माझा पाय सुटला. खारं पाणी नाकातोंडात गेलं. तिने मला मनगटाला धरून, मग कॉलरला धरून, पोहत ओढलं. लहानपणी ती विहिरीत पोहायला शिकली होती. पुढे मी विचारलं, कधी बोलली नाहीस ते? तर म्हणाली, "तुम्ही कधी विचारलंत?"

किनाऱ्यावर म्हातारीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काढलेली कालवं फोडायला लागली. मी स्वतःला लोकांना तुच्छ लेखण्यात तरबेज समजत होतो. तिच्या त्या एका नजरेपुढे मी नवशिका होतो.

आम्ही काठाला लागताना कुणाला तरी दिसलो आणि वरून मंडळी धावत आली. स्पीकरवाल्याने गाणी बंद करून स्वतःचं जर्किन माझ्या अंगावर टाकलं. पांढऱ्या बुटांवाला थेट पाण्यात उतरला होता, बुटांसकट. "काय झालं वहिनी?" त्याने विचारलं.

बायको पदर पिळत होती. "पाण्यात सापडलो होतो," ती म्हणाली. "ह्यांनी माझा हात सोडला नाही."

"शेवटी किल्ल्यांचा माणूस!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली मान घालून उभा राहिलो. तो त्यांना माझा विनय वाटला.

कारखान्यात तो किस्सा अजून सांगतात. तो खोटा आहे असं मी अजून एकदाही म्हटलेलं नाही. बायको मात्र दर पौर्णिमेच्या उपासाला माझ्यापुढे साबुदाणा ठेवते तेव्हा क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे बघते.