वाटूर फाट्यावरची पोटगी

माझ्या शाळेच्या चारच इयत्ता झाल्या. शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वाकडंतिकडं येतं, त्याची माफी असावी. हे कोणाला दाखवायचं नाही. लेकीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली होती, ती भरते आहे.

लेक तीन वर्षांची असताना तिच्या वडिलांनी दुसरं घर केलं आणि मी परतूरला माहेरी आले. कोर्टानं लेकीची पोटगी बांधून दिली. ते भाड्याचा ट्रॅक्टर चालवायचे, हाताला काम होतं, तरी दोन वर्षं एक रुपया आला नाही. शेवटी वकीलबाईंनी अर्ज टाकला. पोलीस त्यांना घेऊन गेले, महिन्याची कैद झाली.

त्या महिन्यात मला अन्न गोड लागलं नाही. नळावर बाया म्हणायच्या, "नवऱ्याला आत घातलं, अन् आता डोळे पुसून राह्यली!" मी घागर भरून निघायचे. मला आठवायचं ते वेगळंच. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी वाटतात. ह्यांनी लेकीचे पेढे वाटले होते. कोणी टोकलं तर म्हणाले, "माझ्या पोरीचं तोंड पेढ्यासारखं हाय, तुमचं काय जातं?"

सुटल्यावर ते आमच्या दारात आले. सोबत सासरे, त्यांच्या हातात नारळ.

"सूनबाई, पोरानं महिना भोगला. फिटलं सगळं. नारळ फोडू अन् मोकळे होऊ."

माझ्या वडिलांना ते पटलं. मलाही पटलं. जेल भोगली की देणं संपतं, असंच सगळ्यांना वाटायचं. नारळ फोडला, गल्लीत खोबरं वाटलं. लेकीचे वडील तिला मांडीवर घेऊन तासभर बसले.

चार दिवसांनी मी वकीलबाईंना हे सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, जेल झाली ती न दिल्याबद्दल. पैसे अजून तसेच आहेत. पोरीनं काय नारळ खाऊन शाळा शिकायची?"

आता हे त्यांना सांगायचं कोणी? माझे वडील म्हणाले, "नारळ फोडलाय, मी न्हाई जात." लेक पहिलीत होती, तिच्या बुटांचेही पैसे नव्हते. चारचौघांत मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. तरी लेकीला घेऊन वाटूर फाट्यावर गेले. तिथं त्यांचा ट्रॅक्टर उभा असायचा. कसंबसं सांगितलं.

"म्हंजी मी फुकटच गेल्तो व्हय आत?"

बाजूची माणसं खो खो हसली. मलाही हसू आलं आणि लगेच रडू. मी म्हणाले, "मला माझ्यासाठी काही नको. पोरीचं द्या."

ते म्हणाले, "एकदम न्हाई जमायचं. थोडे थोडे देतो. पण तुमच्या दारात आता पाय न्हाई ठेवत, तुम्हीच इथं या."

तेव्हापासून दर महिन्याला आम्ही मायलेकी बसनं फाट्यावर जायचो. ते चालू महिन्याचे आणि मागच्यातले थोडे द्यायचे, मी पावतीवर सही करायचे. मग हॉटेलात भजी. ते लेकीला पाढे विचारायचे आणि स्वतःच चुकायचे. ती म्हणायची, "पप्पा, तुम्ही शाळेत गेल्ता का न्हाई?" उठताना मला बजावायचे, "भज्याचा खर्चा पोटगीत धरू नको बरं!" संसारात आम्ही तिघं इतके कधी हसलो नव्हतो. परतीच्या बसमध्ये लेक झोपून जायची आणि मी खिडकीतून फाटा दिसेनासा होईपर्यंत बघायचे.

लेक चौथीत असताना एकदा ते भजी न मागवताच बसले. म्हणाले, "ट्रॅक्टरच्या मालकानं बँकेत खातं काढून दिलं. चालू पोटगी आता परस्पर येईल. तुम्हाला चकरा नकोत." मी बरं म्हणाले. यायला आवडतं, हे काही तोंडातून निघालं नाही. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या आणि लेकीच्या हातात दिल्या. मी सही केली. मागची सगळी पोटगी त्या दिवशी फिटली.