लग्नाचं आवतन

सहा वर्षांपूर्वी धानाच्या रोवण्याला बायांना नेणारी ट्रॅक्टरची ट्रॉली वावराच्या धुऱ्यावरून उलटली आणि गुणाबाईचं कंबरेखालचं अंग लुळं पडलं. तिचा नवरा हरिदास तेव्हा बल्लारपूरला ठेकेदाराकडे कामाला होता. पंधरा दिवसांची सुट्टी काढून गावी आला, तो परत गेलाच नाही. पोरबाळ नव्हतं, दुसरं करणार कोण?

दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. दोन तासांत कुठलं काम व्हायचं? जवळच्या वावरात कोणी बोलावलंच तर अर्धी मजुरी मिळे. गुणाबाईला सरकारी पैसे सुरू झाले, ते औषधातच जात. चंद्रपूरच्या एका कार्यालयात त्यानं एकदा भीतभीत विचारलं, "सायब, सांभाळणाऱ्याले काई भेटते का?"

बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "तुमी तं नवरे ना, भाऊ?"

हातपंपावर तो लुगडी धुवायला बसला की पारावरून हाक यायची, "ओ हरिदासबाई!" हळूहळू त्या हाकाही बंद झाल्या. त्याला ते जास्त लागलं.

या उन्हाळ्यात चुलतभावाच्या पोरीचं, दीपिकाचं लग्न निघालं. आवतन आलं. हरिदास नाहीच म्हणत होता, पण गुणाबाई हट्टाला पेटली. "जाऊन या. मी काई पळून नाई जात."

तिला कुशीवर करून, पाण्याचा गडवा हाताशी ठेवून तो गेला. पंगतीत लोक बोलले; उन्हाबद्दल, धानाच्या बोनसबद्दल. गुणाबाई कशी आहे, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं तर हा मदत मागेल, ही धास्ती त्याला सगळ्यांच्या नजरेत दिसली. अर्ध्या जेवणावरून तो उठला आणि तडक घरी आला.

"कोनी माह्याबद्दल विचारलं का?" गुणाबाईनं लगेच विचारलं.

"सारेच विचारत होते." तो तिची कूस बदलू लागला. "देवरावभाऊ म्हने, येतो एकदा भेटाले."

"आनखी कोन?"

"इंदुताई. लय आठवण काढत होती."

"आनखी?"

गावातली नावं संपली, तेव्हा त्यानं शेजारच्या गावातली घेतली. डोळे मिटून ती सगळं ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "आता कोनाच्या लग्नाले जाऊ नका. इथीच राहा."

त्यानं चूल पेटवली आणि भातासाठी आधण ठेवलं.