उरली बावन्न वर्षं

सात आठवड्यांपूर्वी, शनिवारी सकाळी सव्वादहाला मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होतो. हात पिठाचे होते म्हणून फोन स्पीकरवर घेतला. "सुहास, प्रमोद गेला. सायकलला हवा भरत होता…" एवढंच त्या म्हणाल्या. प्रमोद अठ्ठावन्न वर्षांचा होता. त्यांचं घर आमच्या घरापासून एक किलोमीटर चारशे मीटरवर आहे. एकवीस वर्षांच्या मैत्रीत मी ते अंतर सायकलनं कापलं, त्या दिवशी मात्र चालत गेलो. का, ते अजून सांगता येत नाही.

आम्ही दोघंही आइंडहोवनमध्ये चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कामासाठी आलो. प्रमोदचा पहिला हिवाळा एकट्यानं गेला. इथले लोक पडदे ओढत नाहीत आणि खिडकीत एक दिवा ठेवतात. दुपारी साडेचारला अंधार पडला की ऑफिसमधून परतताना तो मुद्दाम हळू सायकल चालवायचा आणि लोकांच्या खिडक्यांतले दिवे बघायचा. त्याचं बालपण चिंचवडच्या दोन खोल्यांत, एका ट्यूबलाइटखाली गेलं होतं. "उजेड म्हणजे डोक्यावरून पडणारी गोष्ट, एवढंच मला माहीत होतं," तो म्हणायचा, "तो टेबलावर ठेवता येतो हे इथे कळलं." पुढे टिलबर्गच्या एका क्रिंगलोपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, त्याला साठएक वर्षांपूर्वीचा एक इटालियन दिवा मिळाला आणि तिथून नाद लागला. इटालियनच का, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर तयार होतं. "बल्ब दिसला की दिवा नापास. त्या लोकांना बल्ब लपवता येतो."

त्याच्या घरात एकतीस दिवे जमले. मी मोजले होते. त्याच्या वाचायच्या खुर्चीपाशी उजेड मोजायचा मीटर धरून मी एकदा म्हणालो, "इथे एकशे दहा लक्स आहेत. वाचायला तीनशे तरी हवेत."

"वाचतंय कोण? मी दिव्याकडे बघत बसतो."

"एकतीस दिवे आहेत," आतून मेधावहिनी म्हणाल्या, "आणि मला भाजी चिरायला उजेड नाही."

त्याचा सर्वांत लाडका दिवा म्हणजे टिलबर्गचा तो पहिलाच. वर दुधी काचेची टोपी, खाली भरीव पितळेची बैठक. उंची बेचाळीस सेंटिमीटर, वजन चार किलो तीनशे ग्रॅम. पितळ काळपट तपकिरी झालेलं होतं. आठ वर्षांपूर्वी प्रमोदची आई आजारी पडली म्हणून ती दोघं तीन आठवडे पुण्याला गेली. किल्ली आणि कुंड्या माझ्याकडे होत्या. ती दोघं परत येणार होती नेमकी धनत्रयोदशीला. रिकाम्या घरात सणाच्या दिवशी शिरायला लागू नये, असं मला वाटलं. आदल्या दिवशी आमच्या घरी समई, निरांजन, तांब्या असं सगळं चिंचेनं घासून झालं होतं आणि वाटीत चिंचेचा कोळ उरला होता. तो घेऊन मी त्याच्याकडे गेलो, दाराबाहेर रांगोळी काढली, केर काढला आणि मग तो दिवा घासायला घेतला. चाळीस मिनिटं लागली. बैठक आरशासारखी लखलखली. मी लांब उभा राहून बघितली आणि मला फार समाधान वाटलं, हेही लिहून ठेवतो.

प्रमोद आत आला, बॅग ठेवली आणि तिथेच थांबला.

"तू घासलास?"

"हो. चिंचेनं. कालपर्यंत काय अवस्था होती त्याची."

तो जवळ गेला. आजारी मुलाच्या कपाळाला हात लावावा तशी दोन बोटं त्यानं बैठकीला लावली… मग हसायला लागला. "अरे सुहास, माझ्या मिलानच्या पाहुणीला तू थेट देवघरात बसवायला निघालास." तो रंग हवेनं आणि माणसांच्या हातांनी साठ वर्षांत चढवला होता, जमवणारे लोक तो रंगच जपतात, हे मला त्यानंतर कळलं. चार दिवस त्यानं तो दिवा लावला नाही, हे मेधावहिनींनी पुष्कळ उशिरा सांगितलं. मी माफी मागायला गेलो, तर त्यानं वाक्य पुरं करू दिलं नाही. "साठ वर्षं लागली होती ना? पुन्हा साठ लागतील. थांबू की." साठ वर्षांनी तो एकशे दहा वर्षांचा असेल, हा हिशोब माझ्या डोक्यात झाला.

त्यानंतर दर धनत्रयोदशीला मला बोलावणं यायचं. चिवडा खाण्याआधी तपासणी. मी त्याच जागेवरून फोटो काढायचा, मागच्या वर्षीच्या फोटोशी ताडायचा आणि त्यानं निकाल द्यायचा. "उरली एकोणसाठ." मग अठ्ठावन्न. असं सात वर्षं झालं. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण त्यानं मला माफ केलं की फक्त पुढची तारीख दिली, हे मला कधीच ठरवता आलं नाही. गेल्या वर्षी "उरली त्रेपन्न" म्हणाला आणि लाडवांची ताटली पुढे केली.

मेधावहिनी आता ग्रोनिंगनला मुलीजवळ लहान घरात जातायत. आम्स्टरडॅमहून एक लिलाववाला आला होता. यादी करायला मी बसलो होतो. स्वतःसाठी वहिनींनी एक दिवा ठेवला, खिडकीतला. लिलाववाल्यानं एकोणतीस घेतले. टिलबर्गचा दिवा त्यानं उचलला, उलटा करून बघितला आणि बाजूला ठेवला. घासलेला आहे, म्हणाला, मूळचा राहिला नाही, हा नको. मी यादीत खाली बघत राहिलो. वहिनींनी एक जुना टॉवेल आणला, दिवा त्यात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "तू घासला नसतास तर हाही गेला असता," त्या म्हणाल्या.

काल धनत्रयोदशी झाली. माझ्या बायकोनं चिंच भिजवली होती. समई धुऊन झाल्यावर हाही घासायचा का, असं तिनं दिव्याकडे बघून नुसतं मानेनं विचारलं, मी नको म्हणालो. मग नेहमीसारखा फोटो काढायला वाकलो आणि दिसलं की पितळ सगळीकडे सारखं काळवंडलेलं नाही. बाकी बैठक अजून पिवळसरच आहे, पण बटणाच्या उजवीकडे, जिथे अंगठा टेकवून तो बोटानं बटण दाबायचा, तिथे नखाएवढा एक डाग जवळजवळ पूर्वीइतका तपकिरी झालाय. आठ वर्षं, रोज दोनदा. सातही फोटोंत तो आहे, मी सगळ्या बैठकीचा रंग ताडत होतो म्हणून मला दिसला नव्हता.

उरली बावन्न… मी मोठ्यानं म्हणालो. तेव्हा मी एकशे सात वर्षांचा असेन. दिवा मी डाव्या हातानं लावतो, म्हणजे तिथे माझा अंगठा पडत नाही.