न पेटलेल्या चुलींची चाळ

ती केस आठवली की आजही माझं डोकं भंजाळतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यात निदान फिर्यादी कोण आणि आरोपी कोण एवढं तरी लवकर कळायचं. इथे एका खोलीचं साधं कुलूप तुटलं होतं, आणि चोर कोण, घरधनी कोण हेच मला उमगेना.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी पिंपरीकडच्या एका चौकीत फौजदार होतो. कारखाने भराभर उभे राहत होते आणि कामाला आलेली माणसं पवनेच्या काठाने झोपड्या टाकत होती. जवळच एक जुना कारखाना बंद पडला होता. त्याच्या कामगारांसाठी बांधलेली बैठी चाळ रिकामी पडून होती. सरकारने ती ताब्यात घेतली, कौलं बदलली आणि खोल्या नदीकाठच्या झोपडीवाल्यांना द्यायचं ठरवलं. काम सरळ होतंय की नाही हे पाहायला गावातल्या चार जाणत्या माणसांची देखरेख समिती नेमली. समितीचे प्रमुख एक निवृत्त हेडमास्तर होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. चाळीच्या किल्ल्या मात्र एका मुकादमाकडे होत्या. हा गावातल्या जुन्या शेतकरी घराण्यातला, टोपीला कडक इस्त्री, आणि बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याचे दात दुखावेत.

एके सकाळी हा मुकादम स्वतःच चौकीत आला.

"साहेब, चाळीतल्या शेवटच्या खोलीचं कुलूप तोडून एक बाई घुसलीया. पोरंबाळं घेऊन बसलीया आत. तेवढी बाहेर काढा, राव."

"खोली कुणाची?" मी विचारलं.

"आमच्या पावण्यांची. म्हंजी, त्यांना मिळालेली. ते गावाला गेल्यात."

ठाणे अंमलदाराने फिर्याद लिहून घेतली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो. हवालदार मावळातला, वयाने माझ्याहून मोठा, आणि तोंडाने फटकळ.

बाई शेवटच्या खोलीत चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. मराठवाड्यातून आलेलं बौद्ध कुटुंब. नवरा देहूरोडला हमाली करायचा. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात एक वळकटी आणि दोन मुलं. मला पाहून ती घाबरली, पण उठली नाही.

"बाई, कुलूप तोडलंत?"

"तोडलं साहेब. खोटं कशाला बोलू? माझी झोपडी पाडली. म्हणले, तुला खोली भेटली. इथं आले तर कुलूप. चिठ्ठी देतो म्हणले, ती बी दिली नाही. आता झोपडी नाही, खोली नाही. लेकरं घेऊन कुठं जाऊ, तुम्हीच सांगा."

मी काय सांगणार? कायद्याने ती घुसखोर होती. मी तिला म्हटलं, चौकशी होईपर्यंत इथून हलू नका. हवालदार माझ्याकडे डोळे विस्फारून बघत राहिला.

मग सुरू झाला तो गोंधळ. मी सरकारी कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, खोल्या वाटून झाल्या, चाळ भरली, समितीने डोळ्यांनी पाहिलंय. मी गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "मी स्वतः दारोदार फिरलो. उंबऱ्याशी रांगोळ्या होत्या, दोरीवर लुगडी वाळत होती. शेवटच्या खोलीत एक म्हातारी होती. तिने आम्हाला चहासुद्धा पाजला."

"आणि पाहुणे?"

"कसले पाहुणे? म्हातारी एकटीच होती."

चाळीतल्या बायकांना विचारलं, तर एक म्हणाली शेवटची खोली कायम बंदच असते. दुसरी म्हणाली तिथे मुकादमाची मावशी राहते. तिसरीने सांगितलं तिथे कुणी मास्तर होते. मी वैतागून मुकादमाला चौकीत बसवला. तो जराही बिचकला नाही.

"मावशी माझी, पावणे तिचे, मास्तर तिचा जावई. समदी एकाच घरची माणसं, साहेब. तुम्ही उगं गोंधळ करून घेताय."

"आणि खोल्या झोपडीवाल्यांच्या होत्या ना?"

"त्यांनीच नको म्हणलं! नदीची सवय त्यांना. मंग रिकाम्या ठिवायच्या का? गरजू गाठून आमीच बसवले."

दुसरीकडे, झोपड्या पाडलेली बाकीची कुटुंबं रस्त्याकडेला ताडपत्र्या बांधून बसली होती. त्यांना सांगितलं होतं, पुढच्या खेपेला तुमचा नंबर. म्हणजे चाळ भरलेली, आणि चाळीत जायची माणसं रस्त्यावर. मी घरी जाऊन बायकोला हे सगळं सांगायला बसलो आणि अर्ध्यात मलाच काही कळेना. ती म्हणाली, "अहो, आधी जेवून घ्या."

शेवटी मी ऐन जेवणाच्या वेळी, न सांगता, हवालदाराला घेऊन चाळीत गेलो. पहिल्या खोलीतल्या बाईने अदबीने सतरंजी टाकली. "बसा साहेब, चहा सांगते." दारातून हात करून तिने कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला हाक मारली. दुसऱ्या खोलीतही तेच. तिसऱ्या खोलीतही हॉटेलातलाच चहा आला. चहा वाईट नव्हता, पण तिसरा कप मला जाईना. आमच्या घरी पाहुणा आला की बायको चहा टाकते. ज्या घरात दोन-दोन बायका बसल्यात, तिथे चहा बाहेरून का यावा?

मी बाहेर येऊन छपरांकडे पाहिलं. साऱ्या चाळीत एकाच कौलातून धूर निघत होता. शेवटच्या खोलीच्या.

मी हवालदाराला आत पाठवलं. चुलीतल्या विस्तवावर बिडी पेटवायचं निमित्त करून तो खोल्याखोल्यांत जाऊन आला. "साहेब, एका बी चुलीला काजळी न्हाई," तो म्हणाला. "माती लावल्यापासून आगच बघितली न्हाई त्यांनी. आन ह्या बाया फडक्यात बांधून आणलेल्या भाकरी खात्यात."

"का पण? लाकूडफाटा तर दारात रचलाय."

हवालदाराने कपाळावर हात मारला. "आवो साहेब, ह्या समद्या मुकादमाच्या भावकीतल्या सुना हायत! सुनेनं दुसरीकडं चूल पेटवली म्हंजी ती येगळी निघाली. येगळी निघाली म्हंजी जमिनीची वाटणी आली. आन सध्या जमिनीला काय भाव आलाय, ठावं हाय ना?"

मी मुकादमाच्या धाकट्या भावजयीला बाहेर बोलावलं. तिच्याशी दरडावून बोलायची गरजच पडली नाही. "ताई, चूल का पेटवत नाही?" एवढंच विचारलं, तर ती पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

"सासूबाईंनी शपथ घातलीया, साहेब. दिसाचं जाऊन बसा, कापडं वाळत घाला, कुणी आलं तर दादल्याचं नाव सांगा. पर चुलीत इस्तू घालायचा न्हाई. घर फुटंल म्हणाल्या."

मुकादम तेवढ्यात धावत आला. हसत होता, पण टोपी हातात होती. अजून म्हणतच होता की ही सगळी इथेच नांदणारी माणसं आहेत.

"बरं," मी म्हणालो. "नांदतात ना? मग आत्ता माझ्यासमोर साऱ्याजणींना चुली पेटवायला सांगा. लाकडं आहेत, काड्या मी देतो. पंच म्हणून गुरुजींना बोलावतो."

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो ओट्यावर बसला.

"तेवढं नका करू साहेब. आई जीव दील. धा एकराचं चार तुकडे व्हत्याल."

जबाब मग त्याने आपणहून दिला. खोल्या अडवून ठेवायच्या आणि ओरड शमली की कंपन्यांतल्या बाबू लोकांना भाड्याने द्यायच्या, असा बेत होता. समितीच्या तपासणीचा दिवस हारतुऱ्यांच्या तयारीसाठी मुकादमाला आधी कळवलेला असायचा, त्यामुळे घरं सजवायला सवड मिळायची. झोपडीवाल्या बाईने कुलूप तोडलं नसतं तर सगळं बिनबोभाट पार पडलं असतं. आणि हा शहाणा स्वतःच्या पायांनी पोलिसांकडे आला! माणूस फार दिवस सुखाने खोटं बोलला की त्याला ते खरं वाटू लागतं, असं मी पुढेही पुष्कळदा पाहिलं.

गुरुजींना मी हे सगळं जाऊन सांगितलं. "मी चहा प्यालो, फौजदार," ते म्हणाले. "तो कुठल्या चुलीवर झाला हे विचारायला पाहिजे होतं."

मुकादमाच्या घरच्या सुना आपल्या घरी परतल्या. वाटलं, झालं, सुटली केस. कसली सुटते! वरून हुकूम आला: चौकशी पुरी होईपर्यंत चाळीतल्या रिकाम्या खोल्या सील करा. आणि कचेरीच्या हिशेबी शेवटची खोलीही रिकामीच, कारण तिथली बाई रीतसर आलेलीच नव्हती. म्हणजे जिच्यामुळे भानगड उघड झाली, तिलाच मी रस्त्यावर काढायचं. मला अक्षरशः चीड आली. पण हुकूम हुकूमच होता.

दुपारी पंच घेऊन आम्ही चाळीत गेलो. पंचांत गुरुजी होते. वारा असा सुटला होता की सीलची लाख वितळवायला पेटवलेली काडी टिकेना. हवालदार शेवटच्या खोलीपाशी गेला. "मावशे, जरा इस्तू दे."

तिने उलथन्यावर निखारे काढून दिले. काय चाललंय ते तिला दिसत होतं. "घ्या," ती म्हणाली. "शेवटी माझ्याच दाराला लागणार ना हे?" हवालदाराने मान खाली घातली. तिच्या निखाऱ्यांवर लाख वितळवून आम्ही एकेक दार सील करत आलो आणि तिच्या दारात थांबलो. आत चुलीवर वरण रटरटत होतं. मुलं थाळ्या घेऊन बसली होती.

मी पंचनाम्याचा कागद पुढे केला. गुरुजींनी चष्मा पुसला, आत वाकून पाहिलं आणि पेन खिशात परत ठेवलं.

"हुकूम रिकाम्या खोल्यांचा आहे ना? ही रिकामी आहे असं मी लिहून देणार नाही. मागे एकदा चूल न बघता सांगितलं, आता बघून सांगतो. चूल पेटलेली आहे."

दुसऱ्या पंचानेही हात मागे घेतला. मला हायसं वाटलं, ते लपवत नाही. मी पंचनाम्यात लिहिलं: 'शेवटच्या खोलीत चूल चालू, अन्न शिजत होते, सबब सील करता आले नाही.' वरिष्ठांनी कळवलं, मग चूल विझल्यावर करा. मी हवालदाराला पाहणीला पाठवू लागलो. तो स्टेशन डायरीत नेमाने नोंद करायचा, चूल चालू. बाईला कुणीतरी हे सांगितलं होतं बहुतेक. कारण कधीही गेलं तरी राखेखाली विस्तव असायचाच, मग घरात शिजवायला काही असो वा नसो.

चौकशी रेंगाळत रेंगाळत संपली. मुकादमावर खटला भरला. सीलं निघाली आणि रस्त्याकडेची कुटुंबं खोल्यांत आली, यावेळी गुरुजींच्या डोळ्यांदेखत. गुरुजी पुढेही चाळीत जायचे, पण न सांगता, जेवणाच्या वेळेला. दारात उभे राहून आधी चुलीकडे बघायचे.

खोल्या दिल्या त्या दिवशी मी बंदोबस्ताला होतो. सामान लागलं, मुलं दंगा करायला लागली, तेव्हा एक बाई उलथनं हातात घेऊन शेवटच्या खोलीपाशी गेली. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. सगळ्या विस्तव मागायला आल्या होत्या. ती दारात बसून एकेकीला निखारे काढून देत होती, आणि मी उभा आहे हे दिसल्यावर म्हणाली, "साहेब, आता डायरीत काय लिहिणार?"

मी काही लिहिलं नाही. साऱ्या चाळीच्या कौलांतून धूर निघत होता आणि डोळ्यांत जात होता. मला तिथून हलावंसंच वाटेना.