सुमनमावशींची भूक

शेजारच्या बापूंची बायको गेली, त्याला दोन दिवस झाले होते आणि बापूंनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. सुतकाच्या घरी शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी नुसता डबा नेला नाही, भाषणही नेलं. "बापू, अन्नावर राग काढू नका!" असं मी इतक्या भरल्या आवाजात म्हणालो की कोपऱ्यातल्या बायकांनी डोळे पुसले. बापूंनी मात्र डब्याकडे पाहिलंही नाही.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सुमनमावशी आल्या. त्यांनी दोन ताटं वाढली आणि भिंतीला टेकून बसल्या. "बापू, मला भूक लागलीय. एकटीला जेवण जात नाही. बसता का जरा?"

बापू बसले. जेवले. वर लोणचंही मागितलं!

जिन्यात मी मावशींना गाठलं. "भूक बरी वेळेवर लागली तुम्हाला!"

"कसली भूक? घरून पोटभर जेवून आले होते," त्या कठडा धरून म्हणाल्या. "आता जिना चढवेना. हात दे, मेल्या."

असा हेवा वाटला मला, काय सांगू! करुणा माझ्याकडेही आहे, पण ती आधी आरशात बघते, मगच बाहेर पडते. या बाईची करुणा ओल्या हातांनी, दार उघडं टाकून निघते आणि आपण निघालोय हे तिला स्वतःलाही कळत नाही. मी जळफळत हात दिला, त्यांना वर पोचवलं आणि उद्याची पाळी हट्टानं मागून घेतली. उद्या संध्याकाळी बापूंकडे मला कडकडून भूक लागणार आहे. कुणी बघायला नसलं, तरीही.