सुभेदारचाचांची सुट्टी

रत्नागिरीहून फरीदाचा फोन आला तेव्हा मी इथं आखातात, रास अल खैमात, तिच्या वडिलांच्या, म्हणजे सुभेदारचाचांच्याच बंद दुकानासमोर गाडी लावत होतो. "काका, अब्बा गेले," एवढंच ती म्हणाली. त्याला आता महिना होऊन गेला.

सुभेदारचाचा आपल्या फौजेतले. पेन्शन घेऊन इथं आले तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी, खडीच्या खाणीपलीकडे धड रस्ताही नव्हता. माणसानं अशा जागी आधी पाण्याची सोय बघावी. यांनी दुकान थाटलं! दोरखंड, हातमोजे, बूट, कांदे, तांदूळ. मग बायकोला, सकिनाचाचींना, आणलं. फौजेची सवय अशी की पाच वेळा नमाज पढणारे चाचा प्रत्येक गिऱ्हाइकाला "राम राम" म्हणत. साताऱ्याकडची नवी पोरं हमखास फसायची. गणपतीत एकानं तर त्यांनाच आरती म्हणायला बोलावलं. चाचा नारळ घेऊन गेले, मागे उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या त्या कवायतीच्या तालात.

नातेवाईक दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घ्या म्हणून मागे लागले, तेव्हा म्हणाले, "खलास! खाल्ल्या मिठाला जागायचं की नाही?" महाहट्टी माणूस. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्याशिवाय करमायचंही नाही.

चाची गेल्या, त्यांना इथंच दफन केलं. आपली जागा त्यांच्याशेजारी, हे चाचांनी तेव्हाच ठरवून टाकलं. पण पुढे तब्येत ढासळली आणि लेक त्यांना गावी न्यायला हटून बसली. हट्ट बापाकडूनच आलेला! निघायच्या दिवशी विमानतळाआधी त्यांनी मला गाडी कब्रस्तानाकडे वळवायला लावली. इथला माणूस गावी जातो तो 'सुट्टीवर'; कायमचा जाणाराही पुष्कळदा तेच म्हणतो. चाचा कबरीपाशी ताठ उभे राहिले. "सकिना, सुट्टीवर चाललोय. परत येतो..." मग माझ्याकडे वळून, "यल्ला, पाटील, चला."

ते परतले नाहीत. गावच्याच मातीत त्यांना ठेवलं. फरीदाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. आजारी बापाला कुठली लेक एकटं सोडेल? पण इकडे चाची वाट बघत राहिल्यात, हे काही डोक्यातून जाईना. गेल्या शुक्रवारी त्यांच्या कबरीपाशी गेलो. त्यांना कळेल अशाच भाषेत सांगितलं,

"चाची, साहेबांची सुट्टी वाढलीय."